हवेच्या चार पिशव्या

१ तारीख, सोमवार. सकाळ

अथ नौकाप्रकरणम्. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, ब्याण्णव किलो वजनासह, मी आज नदीत उतरणार आहे. स्वेच्छेने, असं म्हणवत नाही. संपादकांना रविवारच्या पुरवणीसाठी नदीवरच्या खेळावर लेख हवा आहे. तो खेळ नेमका माझ्या ताईच्या घरामागे चालतो. म्हणून सत्तावीस वर्षं नगरपालिकेच्या सभा लिहिणाऱ्या वार्ताहरावर ही पाळी आली.

ताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, खळाळत्या पाण्यात चालवायच्या कयाक भाड्याने देतात आणि मोडल्या की दुरुस्त करतात. त्यांची मुलगी त्या चालवायला शिकवते. वय सत्तावीस. घरात तिला बेडकी म्हणतात, कारण चालायला लागायच्या आधी ती हौदात पडली होती आणि हसत वर आली होती. कयाक म्हणजे एका माणसाच्या मापाची, वरून झाकलेली प्लास्टिकची होडी. मधल्या भोकात कमरेपर्यंत शिरून बसायचं. भोक बेडकीच्या मापाचं आहे, माझ्या नाही. मला आत बसवताना बापलेकीने एकेक खांदा दाबला.

त्याआधी तिने होडीच्या शेपटीत हवेच्या पिशव्या कोंबल्या. लांबोडक्या, निमुळत्या, जाड प्लास्टिकच्या. नळीला तोंड लावून फुंकायचं आणि झडप फिरवून बंद करायची.

"म्हणजे या पिशव्यांवर होडी तरंगते?" मी विचारलं.

"नाही मामा. होडी तरंगतेच. पण उलटली की आत पाणी शिरतं ना, त्या पाण्याची जागा या आधीच अडवून बसतात. बसमध्ये रुमाल टाकून ठेवतात तशा."

"आणि नसल्या तर?"

"तर आत दोन-अडीचशे लिटर पाणी. मग ती होडी राहत नाही, गाभण म्हैस होते. वळत नाही, थांबत नाही, जाऊन खडकाला चिकटते."

वेदान्तात याला घटाकाश म्हणतात. घड्यातलं आकाश आणि बाहेरचं आकाश एकच, मधे फक्त घडा. हे मी तिला सविस्तर समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मामा, फुंका."

दोन पिशव्या झाल्यावर मी म्हटलं, "माझ्या देहयष्टीला दोन पुरतील का गं?" ती हसली, शेडमध्ये गेली, आणखी दोन घेऊन आली आणि त्या पुढच्या टोकात बसवल्या. "झालं समाधान? आता तुम्ही बुडायचं म्हणालात तरी होडी ऐकणार नाही." वर एक सूचना: उन्हात फुगवलेली पिशवी थंड पाण्यात लुळी पडते, नदीत उतरल्यावर आणखी दोन फुंका मारायच्या.

ताईने दारातून विचारलं, "पंडित, पोहता येतं ना अजून?" म्हटलं, संस्कृतात येतं.

पुढचा वृत्तान्त संध्याकाळी.

९ तारीख, मंगळवार

त्या संध्याकाळला आठ दिवस झाले.

बातमीच्या शिस्तीने लिहितो, दुसरी शिस्त मला येत नाही. सोमवारी दुपारी एकच्या सुमारास तिसऱ्या खळाळात माझी होडी उलटली. मी बाहेर पडलो. होडी बुचासारखी वर राहिली, तिला धरून मी वाहत गेलो. बेडकी काठाजवळच्या शांत पाण्यात सुखरूप पोचली होती. मला पाहून ती पुन्हा धारेत आली. तिने मला होडीसकट काठाकडे ढकललं. मी लागलो. ती पुढे गेली.

पुढचं वेल्डरने पाहिलं. वेल्डर म्हणजे दाजींचा शेजारी आणि मित्र. कयाकचं फुटलेलं प्लास्टिक आणि पिशव्यांच्या शिवणी तोच गरम करून जोडतो. तो खालच्या काठावर होता. पुढे पाणी जिथे एकदम खाली उडी घेतं तिथे तिची होडी उलटली, पाण्याने भरली आणि मोठ्या खडकाखाली शिरली. ती तेव्हा आत होती की नव्हती, हे त्याला सांगता येत नाही. कोणालाच येत नाही.

लाल होडी आहे. हातभर शेपटी पाण्याबाहेर दिसते.

शोधपथक सात दिवस होतं. त्यांनी खालची बारा किलोमीटर नदी पाहिली. काल ते परत गेले. प्रमुख भला माणूस. दाजींशी बोलायच्या आधी त्याने टोपी काढून हातात घेतली, तेव्हाच वाक्य काय असणार ते मला कळलं. होडीचं तोंड, म्हणजे बसायचं भोक, खडकाच्या बाजूला आहे, आत डोकवायला वाट नाही, पाणबुड्याला तिथे उतरवणं म्हणजे आणखी एक जीव घालवणं. कदाचित ती आत असेल, कदाचित नसेल.

वरच्या धरणाचे दरवाजे पंचवीस तारखेला उघडणार आहेत. मग पाच महिने तो खडकसुद्धा दिसत नाही.

१० तारीख, बुधवार

ताई सकाळी स्टूल घेऊन काठावर जाते आणि त्या शेपटीकडे तोंड करून बसते. दुपारी जेवायला येते, आम्हाला वाढते, पुन्हा जाते. रडत नाही. मला वाटतं तिला अजून नीट समजलेलं नाही. मोठी बहीण असली तरी ती पहिल्यापासून भाबडीच.

दाजी आज पहिल्यांदा सलग दोन वाक्यं बोलले. "होडीतलं पाणी बाहेर काढता येत नाही. पण त्याची जागा घेता येईल."

बेत असा. दुपारी बारा ते तीन धरणावरची वीजनिर्मिती थांबते, तेव्हा पाणी उतरतं. कंबरेला दोर बांधून खडकावर जायचं. होडीच्या शेपटीला वरून भोक पाडायचं, त्यातून रिकाम्या पिशव्या काठीने आत सारायच्या, आणि काठावरून लांब नळीने त्या फुगवायच्या. हवा पाण्याला बाहेर ढकलेल, होडी हलकी होईल. मग साखळी-कप्पीने ओढायची.

"निघेल?" मी विचारलं.

"नाही निघाली तर बसलेलीच आहे," दाजी म्हणाले.

वेल्डर पुटपुटला, "तिच्या पिशव्या आत असत्या तर होडी खडकावरून उडी मारून गेली असती." मी चमकलो. म्हणजे तिच्या होडीत पिशव्या नव्हत्या? दाजींना विचारलं, तर ते पाना शोधायला बाहेर गेले. पाना त्यांच्या हातातच होता. वेल्डरला विचारलं, तर तो म्हणाला, "दादा, चहा घेणार?"

विसरली असेल बिचारी. दुसऱ्यांना शिकवणाऱ्यांचं असंच होतं. आमचे व्याकरणाचे गुरुजी रोज एक बटण चुकीच्या काजात लावून येत.

१३ तारीख, शनिवार

भाड्याने गेलेल्या होड्या परत आल्या, त्यांतून सहा पिशव्या निघाल्या, दोन वेल्डरने नव्या केल्या. माझ्याकडे तपासणीचं काम. पिशवी फुगवायची, पाण्याच्या पिंपात दाबून धरायची, बुडबुडे आले की तिथे खूण करायची. पहिली उत्तम निघाली. स्थालीपुलाकन्यायाने मी बाकीच्याही उत्तम ठरवल्या आणि हात पुसले.

ताई मागेच उभी होती. "झाल्या तपासून?"

"शितावरून भाताची परीक्षा, ताई."

"भाताची होते रे. पिशव्यांची नाही." तिने पदर खोचला आणि उरलेल्या सातही पिंपात घातल्या. दोन गळक्या निघाल्या, प्लास्टिकच विरलेलं, जोडण्यासारखं नाही. कोपरापर्यंत ओल्या हातांनी ती मला बुडबुडे दाखवत होती, लहानपणी माझ्या पाटीवरच्या चुका दाखवायची तसे.

सहाच उरल्या. मी म्हटलं, माझ्या होडीत चार आहेत की, त्या काढू. माझी होडी शेडच्या मागे ताडपत्रीखाली आहे.

"त्या राहू द्या," दाजी म्हणाले.

"का?"

"जुन्या आहेत."

जुन्या वगैरे काही नव्हत्या. मीच फुंकल्या होत्या. पण दुःखातल्या माणसाशी वाद घालू नये.

१६ तारीख, मंगळवार

जमलं नाही.

दाजी आणि वेल्डर खडकावर, मी काठावर पायपंपाशी. काळी नळी तापलेल्या दगडांवरून पाण्यात गेलेली. भोक पाडून पिशव्या आत गेल्या. मी पंप मारत राहिलो. सहावी भरली तेव्हा शेपटी खरोखर चार बोटं वर आली. वेल्डर ओरडला, "हलली! हलली!" काठावर ताई उभी राहिली.

मग साखळीचा हूक अडकला. तो सोडवण्यात वीस मिनिटं गेली. तेवढ्यात शेपटी पुन्हा खाली गेली आणि दोन पिशव्या भोकातून घसरून बाहेर आल्या. लुळ्या, सुरकुतलेल्या. आमच्यासमोरून नदीने नेल्या.

उन्हातली हवा थंड पाण्यात आकसते. हे मला सांगितलं होतं, माणसाने माणसाला जितक्या सोप्या शब्दांत सांगता येईल तितक्या सोप्या शब्दांत. दोन फुंका अजून. मी पंपावरचा पाय काढून दगडावर बसलो होतो आणि घाम पुसत होतो.

दाजी म्हणाले, "पिशव्या बांधायला हव्या होत्या. माझं चुकलं." मी "नाही, माझं" म्हणालो नाही. इथे लिहितो आहे.

१७ तारीख, बुधवार

संपादकांचा फोन. माझ्या लेखाची जागा अजून राखून ठेवली आहे म्हणाले. "तुम्ही प्रत्यक्षदर्शी आहात, असं दुसऱ्या कोणाकडे नाही." मी म्हटलं, मी काहीच पाहिलं नाही, मी वाहत होतो. ते म्हणाले, "हे वाक्य चांगलं आहे." मी फोन ठेवला. त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो.

१९ तारीख, शुक्रवार

दाजी शहरात प्लास्टिक आणायला गेले आणि रिकाम्या हाताने आले. तसलं जाड प्लास्टिक मागवावं लागतं, यायला तीन आठवडे लागतात. उरल्या चार पिशव्या. चारांनी होडी निघत नाही. वेल्डरने आठ म्हटलं होतं, दाजी सहा म्हणतात. आता कोणी आकडाच काढत नाही.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी शेडमागे गेलो आणि ताडपत्री बाजूला केली. जुन्या असोत, नव्या असोत, चार आणि चार आठ होतात. शेपटीतल्या दोन काढल्या. मग आत डोकं घालून पुढच्या दोन ओढल्या. त्यांच्या झडपेजवळ हिरव्या शाईने छोटासा बेडूक काढला होता.

तिच्या वल्ह्यावर तो आहे. तिच्या शिरस्त्राणावर आहे. शेडमधल्या तिच्या खुंटीवर आहे. तिच्या वस्तूंशिवाय कशावरही नाही.

दहा दिवस या घरात मी येईल त्याला विचारत होतो की तिच्या पिशव्या कुठे होत्या. लोकांना प्रश्न विचारून मी आयुष्यभर पोट भरलं आहे. उत्तर तोंडाशी आलेला माणूस कसा दिसतो ते मला ओळखता येतं, असा माझा लौकिक आहे.

ताईला सांगायचं म्हणून स्वयंपाकघरात गेलो. ती भांडी विसळत होती. मी पिशवी पुढे केली.

तिने बेडकाकडे पाहिलं, नळ बंद केला. "मला पहिल्याच दिवशी माहीत होतं. तुझी होडी आणली तेव्हा मीच पुसली."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तू बुडायला हवा होतास, असं?"

तिने हातातलं भांडं पालथं घातलं.

"ह्यांनाही ठाऊक आहे. तुला सांगायचं नाही, असं मीच सांगितलं. तू लगेच गावी निघून गेला असतास. मग इथे पंप कोणी मारला असता?" तिने माझ्या हातातून पिशवी घेतली आणि पदराने कोरडी केली. "तू तिला विचारलंस ना, दोन पुरतील का म्हणून. मी दारात होते. मी हसले होते रे, पंडित. खूप हसले."

मग म्हणाली, "सकाळपासून काही खाल्लं नाहीस. बस, वाढते."

मी बसलो. तिने वाढलं. मी जेवलो. असा माणूस आहे मी.

२३ तारीख, मंगळवार

सकाळी दाजी चार पिशव्या पोत्यात भरत होते. ताई माझ्या होडीतल्या चार घेऊन आली. दाजींनी बेडकाच्या दोन बाजूला ठेवल्या. ताईने त्या उचलून पोत्यात घातल्या. दाजींनी पुन्हा काढल्या.

"त्या तिच्या आहेत," ते म्हणाले.

"म्हणूनच," ताई म्हणाली.

वेल्डर आभाळाकडे बघत राहिला. पोतं आठांचंच निघालं.

या वेळी प्रत्येक पिशवीला दोरी बांधली होती आणि नळीवर ओलं गोणपाट घातलं होतं. मी पंपावरून उतरलो नाही. दर दोन मिनिटांनी पिशव्यांना आणखी हवा दिली. पोटऱ्यांत गोळे आले तेव्हा वेल्डर खडकावरून ओरडला, "पंडित, मरायचं ते नंतर मरा!" मला तो पहिल्यांदाच पंडित म्हणाला.

अडीच वाजता होडी कुरकुरली. शेपटी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. दाजींनी साखळी ओढली. आणि ती लाल होडी, झोपेतलं माणूस कूस बदलतं तशी, सावकाश वळून पाण्यावर आली. इतकी हलकी की दोघांना ती आवरेना. काठावर आणली. तोंड वर केलं.

आत पुढच्या टोकात साचलेली वाळू. बसायची गादी. पाण्याची बाटली, झाकण घट्ट.

वेल्डर म्हणाला, "नाहीये."

दाजींनी वाळूत हात घातला, खांद्यापर्यंत. ओंजळींनी वाळू बाहेर काढली, तळाचं प्लास्टिक लागेपर्यंत. मग गुडघ्यावर बसून गादीच्या खालच्या फटीत पाहिलं. ती फट वीतभर आहे. तिथे माणूस मावत नाही. त्यांनी पाहिलं. शेपटीतल्या पिशव्या बाहेर काढल्या आणि तिथेही पाहिलं.

"म्हणजे सुटली होती ती होडीतून," वेल्डर म्हणाला. "दाजी, सुटली होती." त्याला ती चांगली बातमी वाटली. मलाही क्षणभर वाटली, हे लिहून ठेवतो. मग खालची बारा किलोमीटर नदी डोळ्यांपुढे आली, आणि तिच्या पुढची.

ताई होडीजवळ आली नाही. लांबूनच बघत होती. दाजींनी तिच्याकडे पाहून मान हलवली. तिने ते पाहिलं आणि पुन्हा खडकाकडे बघू लागली.

२४ तारीख, बुधवार

होडी शेडमध्ये आहे. दाजींनी ती आज धुतली. पाडलेलं भोक बुजवायला वेल्डर आला होता, पण दाजी नको म्हणाले. वेल्डर तरी थांबला. दोघं शेडच्या पायरीवर बसून होते.

मी चहा घेऊन काठावर गेलो. ताई तिथेच होती. खडक मोकळा आहे, पाणी सरळ त्याच्यावरून जातं. इतकं साधं दिसतं की कोणालाही वाटेल हा खडक नेहमी असाच होता.

ती बसलेली नव्हती. तिने स्टूल खडकाकडे तोंड करून ठेवलं, मग उचललं. वरच्या बाजूला तोंड करून ठेवलं, जिकडून बेडकी आली होती. पुन्हा उचललं, खालच्या बाजूला ठेवलं, जिकडे गेली असेल तिकडे. मग उचलून हातातच धरलं.

"काय गं?" मी विचारलं.

"तेवीस दिवस बघायला एक जागा होती रे," ती म्हणाली. "ती तुम्ही काढून आणलीत."

मला वाटलं ती चिडली आहे. पण ती चिडली नव्हती. खरोखर विचारत होती, लहानपणी मी तिला गणितं विचारायचो तशी.

"आता कुठे तोंड करून बसू? तू शिकलेला आहेस. सांग ना."

तिने स्टूल खाली ठेवलं नाही. ती उभी राहिली, म्हणून मीही उभा राहिलो. चहा निवला तो मी नदीत ओतला. उद्या सकाळी सहाला दरवाजे उघडतील.